उंच सायकल बनवणं, चढणं आणि मुख्य म्हणजे उतरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सायकल दोन मजली आहे. सकाळी कोल्हापुरात रंकाळ्याला फेरी मारताना खालून ओरडून जे प्रश्न येतात, तेच रात्री व्हॉट्सअॅपवर पुन्हा येतात. म्हणून एकदाचे लिहून टाकतोय. आजवर दोन उंच सायकली बनवल्या. पहिली मोडली, दुसरी चार वर्षं चालू आहे. खालची बहुतेक अक्कल पहिलीतून आलेली आहे.

१. हे नक्की काय आहे? सर्कशीतली सायकल का?

नाही. एका साध्या सायकलच्या फ्रेमवर दुसरी फ्रेम वेल्ड केलेली आहे, एवढंच. चाकं दोनच, नेहमीची २८ इंची. फक्त सीट, हँडल आणि पायडल वरच्या मजल्यावर गेलेत. माझी सीट जमिनीपासून पाच फुटांवर आहे. पायडल अगदी खाली आलं तरी पाय जमिनीपासून सव्वादोन फूट वर राहतो. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्याच्याभोवतीच फिरतात.

सर्कस विचारणाऱ्यांचा राग येत नाही. १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आमच्या शेजारच्या सांगलीकडचे. या भागातल्या माणसाला उंचावर काही हलताना दिसलं की तंबू आठवणारच.

२. कल्पना तुमची का?

छे! सायकल आधी उंचच होती. १८७०-८० च्या काळात पुढचं चाक पुरुषभर आणि मागचं ताटलीएवढं अशी सायकल चालायची. चेन नव्हती, पायडल थेट पुढच्या चाकाला, मग वेग हवा तर चाक मोठं करण्यावाचून इलाज नव्हता. थॉमस स्टीव्हन्स नावाचा गडी ५० इंची चाकाच्या अशाच सायकलवर १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला. वाटेत त्याने लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोड तुडवला. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने चेनवाली रोव्हर आणली आणि माणूस जमिनीजवळ आला. आपण आज चालवतो ती सायकल तिचीच नात-पणती.

दोन फ्रेम एकावर एक चढवायचा आताचा नाद मात्र अमेरिकेतल्या भंगार सायकलवाल्या पोरांचा. १९९२ च्या सुमारास मिनियापोलिसमध्ये त्यांचा क्लब निघाला आणि तिथून हे वेड पसरलं. ती मंडळी उंच सायकलींवरून भाले घेऊन एकमेकांना पाडायचे खेळही खेळतात. ते करू नका.

३. एवढ्या उंचीवर तोल कसा राहतो?

साध्या सायकलपेक्षा सोपा राहतो. खोटं वाटत असेल तर तळहातावर आधी पेन्सिल उभी धरा, मग खराटा. पेन्सिल लगेच पडते, खराटा सावकाश कलतो आणि हात खाली सरकवायला सवड देतो. वजन जितकं वर, तितकं कलणं संथ. माझ्या हिशेबाने वजनाची उंची साधारण साडेतीन फुटांवरून पाच फुटांवर जाते, त्यामुळे सायकल पाचव्या हिश्शाने सावकाश कलते.

पण जेवढी कलली त्या मानाने चाक पुन्हा वजनाच्या खाली आणायला बाजूला जास्त सरकावं लागतं. म्हणून हळू चालवताना उंच सायकलला रस्ता रुंद लागतो. महाद्वार रोडला संध्याकाळी नेलीत तर तोल जाणार नाही, जागा संपेल.

एका वाक्यात: चालवणं सोपं, थांबणं अवघड (प्रश्न १२).

४. कुठल्या सायकली घेऊ?

जुनी, काळी, लोखंडी, दूधवाल्याची असते ती. हिरो, अॅटलस, हर्क्युलस, काहीही चालेल, दोन्ही शक्यतो एकाच मापाच्या. २४ पेक्षा २२ इंची फ्रेम बरी. लोहचुंबक घेऊन जा. चिकटत नसेल तर अॅल्युमिनियम आहे, ठेवून द्या. सीटची नळी बाहेर ओढून आत बोट फिरवा, गंजाचे पापुद्रे निघाले तर भाव विचारूच नका. पुढचा चिमटा, म्हणजे पुढच्या चाकाला धरणारे दोन पाय, समोरून बघा, एखाद्या बाजूला झुकला असेल तर ती सायकल कुठेतरी धडकलेली आहे.

पुण्यात असाल तर बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार गाठा. बाकी ठिकाणी सायकल दुरुस्तीवाल्याच्या मागच्या भिंतीला टेकलेला ढीग असतोच. त्याला खरं कारण सांगू नका, भाव वाढतो.

५. खर्च किती येतो?

दोन भंगार सायकली, टायर-ट्यूब, ब्रेकच्या केबली, छर्रे, रंग आणि वेल्डिंगवाल्याची मजुरी मिळून साध्या नव्या सायकलीच्या आत बसतं. खरा खर्च रविवारांचा. माझे नऊ गेले.

६. दोन फ्रेम एकमेकांवर बसवायच्या कशा?

खालची फ्रेम चाकांसकट आहे तशी ठेवायची. वरच्या फ्रेमचा मागचा त्रिकोण, म्हणजे मागच्या चाकाला धरणारे चारही दांडे, कापून टाकायचे. उरलेला पुढचा भाग असा बसवायचा की पायडलचा आस ज्यात असतो ती आडवी डबी खालच्या सीटच्या नळीच्या बरोबर डोक्यावर येईल. हा पहिला सांधा. मग वरच्या सीटच्या सांध्यापासून थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन सरळ नळ्या, चाकाच्या दोन्ही अंगांनी. त्या जवळजवळ उभ्या येतात आणि तुमचं वजन थेट आसावर उतरवतात. तिसरा जोड पुढे, खालच्या हेडपासून (हँडलची नळी ज्यात फिरते तो फ्रेमचा पुढचा तुकडा) वरच्या हेडपर्यंत एक आधाराची नळी, हँडलच्या नळीच्या मागून.

या कामात माफी नसलेली गोष्ट एकच. दोन्ही हेड एका रेषेत हवेत. डोळ्याने रेष धरू नका. सरळ असल्याची खात्री केलेली लांब सळई घ्या, तिच्यावर लाकडाचे गट्टू चढवा आणि ती दोन्ही हेडमधून आरपार घालून मगच टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारा. आधी सगळीकडे नुसते टाके. मग दहा फूट लांब उभं राहून मागून बघायचं, दोन्ही सीटच्या नळ्या एकामागे एक लपतात का. लपल्या तरच पूर्ण वेल्ड. डबीत छर्ऱ्यांचे जुने कप आधी कसून ठेवा, नाहीतर उष्णतेने डबी आक्रसते आणि नंतर आटे बसत नाहीत.

आता यातली मेख. सीटची नळी मागे झुकलेली असते. त्यामुळे सीट जितकी वर जाते तितकी मागेही जाते, आणि दुसऱ्या मजल्यावर ती बरोबर मागच्या आसावर येऊन बसते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चढाला जोर मारलात की पुढचं चाक अलगद उचलतं. उपाय म्हणजे सीटची नळी इंग्रजी सातच्या आकड्यासारखी वाकवून सीट पुढे घेणे. मी चार इंच पुढे घेतली. त्याहून पुढे घेऊ नका. का, ते प्रश्न १० मध्ये.

७. वेल्डिंग कुठलं करायचं? घरच्या मशीनवर जमेल का?

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण माझी पहिली सायकल इथेच गेली.

काळ्या सायकलच्या नळ्या पातळ असतात आणि सांध्यावरच्या टोपीत पितळेने जोडलेल्या असतात. पहिल्या वेळी मी फ्रेम घेऊन उद्यमनगरात एका वर्कशॉपात गेलो. कारागीर गेट-ग्रिलचं काम करणारा. त्याने नेहमीची जाड कांडी लावली आणि थेट पितळेच्या सांध्यावर रेघ ओढली. दिसायला झकास, माशाच्या खवल्यांसारखी. मीही खूश. तिसऱ्या आठवड्यात शेंडा पार्काच्या रस्त्याला बुडाखालून ‘टक्’ असा आवाज आला. खडा उडाला असेल म्हणून तसाच पुढे गेलो. घरी येऊन पुसताना रंगावर केसाएवढी काळी रेघ दिसली. नखाने खरवडली तर नख आत गेलं. सीटखालचा सांधा पाऊण गोल फिरून फाटला होता आणि मी उरलेल्या पाव भागावर घरी आलो होतो.

चूक कारागिराची नाही, माझी. पितळ वितळून लोखंडाच्या वेल्डमध्ये मिसळलं की तो जोड ठिसूळ होतो, हे मला माहीत असायला हवं होतं. आता मी तीन गोष्टी पाळतो. वेल्ड सांध्याच्या टोपीपासून बोटभर लांब घेतो. जिथे टोपीवरच घ्यावा लागतो तिथे गॅसने पितळेचंच वेल्डिंग करून घेतो. बाकी ठिकाणी सीओटू (गॅसच्या आवरणात तार वितळवणारं वेल्डिंग), किंवा साध्या मशीनवर दोन मिलिमीटरची बारीक कांडी आणि कमी करंट. जाड कांडीने पातळ नळीला भोक पडतं, मग ते बुजवताना दुसरं पडतं.

आधी रंग घासून चकचकीत लोखंड उघडं करा. आधारासाठी जीआय पाइप घेत असाल तर जस्ताचा थर ग्राइंडरने पूर्ण काढा. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि काच न लावता बघू नका. डोळ्यात वेल्डिंग भरलं तर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसण्यापेक्षा डॉक्टर गाठा.

घरच्या मशीनवर जमेल, पण पहिले पन्नास टाके भंगार नळीवर मारा आणि हातोड्याने फोडून बघा.

८. वरचं हँडल खालच्या चाकाला कसं वळवतं?

वरच्या फ्रेमच्या चिमट्याचे दोन्ही पाय कापायचे, फक्त हेडमधली नळी आणि डोकं ठेवायचं. त्या डोक्याला खाली एक पाइप, आणि पाइपचं खालचं टोक खालच्या हँडलच्या खुंटीवर. माझ्याकडे हा पाइप दीड फुटाच्या आसपास आहे.

खुंटी चिमट्यात घट्ट बसते ती वरून कसायच्या बोल्टने. पाइप वेल्ड केलात की तो बोल्ट आत कायमचा गाडला जातो. म्हणून पाइपला बाजूने पाना जाईल एवढी खिडकी कापा. शिवाय खुंटी आणि चिमट्याच्या नळीतून एक आरपार बोल्ट टाका. नुसत्या कसण्यावर विसंबलात आणि खुंटी घसरली, तर हँडल डावीकडे आणि चाक सरळ. त्या क्षणी पाच फुटांवरून करण्यासारखं फार काही उरत नाही.

९. चेन किती लांब लागते? दोन चेनी जोडायच्या का?

लोकांना वाटतं दुप्पट लागते. नाही. पायडलचा आस मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावरच येतो, त्यामुळे अंतर फारसं वाढत नाही. दोन आसांमधलं अंतर इंचात मोजा, चौपट करा, त्यात पुढच्या-मागच्या दात्यांच्या बेरजेची निम्मी मिळवा आणि वरची सम संख्या घ्या. माझं अंतर २२ इंच, दाते ४८ आणि १८. म्हणजे ८८ अधिक ३३, झाले १२१, म्हणून १२२ कड्या. साध्या सायकलला ११० च्या आसपास पुरतात. दुसऱ्या चेनीतला डझनभर कड्यांचा तुकडा जोडला की झालं.

खालच्या फ्रेमचा उजवा दांडा चेनच्या दोन पदरांच्या मधून जातो, तेव्हा चेन आधी ओवून मग जोडा. मी पहिल्यांदा जोडून मोकळा झालो आणि मग हातात हार धरल्यासारखा उभा राहिलो.

१०. ब्रेकचं काय? रॉडचे ब्रेक चालतात?

रॉड वरपर्यंत पोचत नाहीत, आणि काळ्या सायकलच्या रिमला बाजूने सपाट पट्टी नसते, त्यामुळे नव्या सायकलचे चिमटा-ब्रेक तिला धरत नाहीत. मी घोड्याच्या नालेसारखी ती जुनी पट्टी आणि खालचे सांधे तसेच ठेवले, वरचे रॉड कापले आणि ते केबलने ओढले. सायकलची केबल तोकडी पडते. मोपेडच्या सुट्या भागांच्या दुकानात लांब मिळते, टोकाची गोळी तेवढी लिव्हरच्या मापाची बसवून घ्या.

दोन्ही ब्रेक हवेतच, पण पुढच्यावर भरवसा ठेवू नका. वजन दीडपट उंच गेलं की पुढच्या आसापासून तेवढ्याच आडव्या अंतराला दोन-तृतीयांश जोरातच मागचं चाक उचलतं. आणि चढासाठी सीट जितकी पुढे घ्याल (प्रश्न ६) तितकं हे लवकर होतं. दोन्हीकडून मार आहे. मागचा ब्रेक आधी, पुढचा नंतर आणि बोटाने. रॉडच्या ब्रेकचे गट्टू पावसात जवळपास शोभेचे असतात. जून ते सप्टेंबर माझी सायकल पडवीत असते.

११. चढायचं कसं? शिडी लागते का?

शिडी सायकलमध्येच आहे. मागच्या आसाच्या डाव्या बाजूला एक पायखुंटी वेल्ड करा. डाव्या हाताने हँडल, उजव्याने सीटची नळी धरा. डावा पाय खुंटीवर, उजव्या पायाने लहानपणी मारायचो तशी लंगडी. वेग आला की उजवा पाय खालच्या नळीवर, डावा वरच्या डबीजवळ, उजवा मागून पलीकडे आणि बसा. थांबलेल्या सायकलवर चढायचा प्रयत्न करू नका.

पहिले आठ दिवस भिंतीला टेकवून फक्त चढ-उतार करा, सायकल जागची हलवू नका. लहानपणी मधून पाय घालून सायकल शिकलेल्यांना हे लवकर येतं. पहिल्या दिवसापासून सीटवर बसवून शिकवलेली पोरं घाबरतात, असं माझं निरीक्षण आहे.

१२. सिग्नलला काय करता?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि खरा प्रश्नही हाच.

पाय टेकत नाही. त्यामुळे पर्याय तीन. एक, लांबूनच सिग्नल बघून वेग इतका कमी करायचा की पोचेपर्यंत हिरवा होईल. वरून चार गाड्यांपलीकडचं दिसतं, त्याचा इथे खरा उपयोग. दोन, डाव्या कडेला खांब धरायचा. दाभोळकर कॉर्नरचे कुठले खांब हाताला येतात ते मला पाठ आहेत. तीन, खाली उतरायचं. बस-ट्रकला हात लावून उभं राहायचं नाही. तो निघताना तुम्हाला विचारत नाही.

उतरताना चढायच्या उलट: वेग चालण्याएवढा, उजवा पाय मागून डावीकडे, डावा खुंटीवर, आणि मग चालत्या एसटीतून उतरतात तसं पुढच्या दिशेला पळत जमिनीवर. हे झोपेत जमेपर्यंत गल्लीबाहेर जाऊ नका. उतरता येत नसताना रस्त्यावर गेलेला माणूस मी पाहिला आहे. बिचारा पेट्रोल संपलेल्या विमानासारखा मैदानाला फेऱ्या मारत होता. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून उतरवला.

१३. पडलो तर?

पडायला वेळ मिळतो (प्रश्न ३), तो वापरा. हँडल सोडा, सायकल एका बाजूला ढकला आणि दुसऱ्या बाजूला पायांवर उतरा. हँडल घट्ट धरून राहिलेल्याचं मनगट जातं. माझं गेलं होतं, गतिरोधकावर, पुढचा ब्रेक दाबून. तीन आठवडे प्लास्टर. हेल्मेट घाला, ते सांगायला नको.

१४. वरच्या तारांची भीती नाही वाटत?

वाटते, आणि वाटायला हवी. बसल्यावर माझं डोकं आठ फुटांवर असतं. केबल-इंटरनेटच्या लोंबत्या वायरी, पताकांच्या दोऱ्या, मांडवाची कमान, वडाच्या पारंब्या, सगळं त्याच उंचीला. नव्या रस्त्यावर आधी पायी फिरून वर बघून या. खेड्यात विजेची तार झोळ पडून खाली आलेली असेल तर त्या वाटेने जाऊच नका.

संक्रांतीच्या आधीचा महिना मी सायकल काढत नाही. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो येतोच, आणि तो नेमका गळ्याच्या उंचीला असतो.

१५. पोलीस अडवत नाहीत? आरटीओ?

सायकलला इंजिन नाही, त्यामुळे आरटीओकडे नोंदणी नाही, परवाना नाही. रहदारीचे नियम मात्र सगळे लागू. मला आजवर तीनदा थांबवलं, तिन्ही वेळा सेल्फीसाठी. थांबवलं की उतरावं लागतं, हाच काय तो दंड. आमचे आजोबा सांगायचे, नगरपालिकेचा बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला की हवालदार सायकल धरायचा. बिल्ला गेला, पण दिवा लावा, आणि तो खालच्या मजल्यावर लावा. मोटारवाला वर बघत नाही.

१६. घाटात नेता येईल का?

चढ प्रश्न ६ मुळे वाईट, उतार प्रश्न १० मुळे त्याहून वाईट. गगनबावड्यापर्यंत जा, पुढचा घाट जीपमधून बघा.

१७. तिसरा मजला चढवू का?

जगात चढवलेत. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ६.१५ मीटरची सायकल चालवली गेली, २०२० मध्ये पोलंडमध्ये ७.४१ मीटरची. पण त्या विक्रमासाठी, मोकळ्या जागेत, खाली मदतनीस ठेवून. आपल्याकडे तीन मजल्यांवर तुम्ही थेट विजेच्या तारांच्या राज्यात जाता, आणि चालत्या सायकलवरून उडी मारून उतरणं हा पर्याय संपतो. माझं उत्तर नाही असं आहे.

१८. डबलसीट जमेल का? साडी किंवा लुंगी नेसून?

डबलसीट नाही. साडी-लुंगीही नाही, चेन मांडीच्या जवळून जाते. बायकांना चालवायला काही अडचण नाही. माझी बहीण माझ्यापेक्षा चांगली उतरते.

१९. देखभाल वेगळी लागते का?

पंक्चर, आऊट काढणं, ओव्हरऑइलिंग, सगळं नेहमीसारखं. चाकं खालीच आहेत. जास्तीचं एकच, दर रविवारी फडकं घेऊन प्रत्येक वेल्डवर नख फिरवायचं. मी सांधे मुद्दाम पांढरे रंगवलेत. काळ्यावर काळी रेघ दिसत नाही.

२०. लावता कुठे? चोरीला नाही गेली?

स्टँड नाही, भिंतीला टेकवतो आणि खांबाला साखळी. एकदा साखळी लावायला विसरलो. परत आलो तर सायकल वीस पावलांवर कट्ट्याजवळ आडवी पडलेली, आणि शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, एक जण वर चढला होता, पण थांबवता येईना.